मैदानावरची वही

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या गोल्फ-संघाला १९३१ पासून १९६३ पर्यंत ज्यांनी शिकविले, ते हार्वी पेनिक वयाच्या आठव्या वर्षी एका क्लबात खेळाडूंच्या काठ्यांचे ओझे वाहण्याच्या कामावर लागले होते. आणि पुढे मैदानावर जे जे नजरेस आले व शिष्यांच्या हाताला जे जे मानवले, ते एका तांबड्या वहीत टिपून ती वही ते कुलपात ठेवीत असत. मुलाखेरीज कुणालाही त्यांनी ती वाचू दिली नव्हती. १९९२ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली आणि गोल्फवरील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत जाऊन बसली. १९९५ च्या एप्रिलमध्ये पेनिक वारले; त्यांचे शिष्य बेन क्रेन्शॉ यांनी गुरूच्या शवपेटिकेला खांदा दिला आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा जिंकून, शेवटच्या हिरवळीवर ओणवे होऊन ते रडले.

अठरा होलच्या मैदानाला शंभरावर एकर जमीन लागते. सोयाबीन-तुरीवर संसार चालविणाऱ्या वाशिम जिल्ह्यातील विद्यार्थ्याला तो खेळ दूरचाच. तरीही पेनिक यांच्या वहीची आठवण मला इथे वारंवार होते, कारण तशीच एक वही मी याच जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मैदानावर पाहिलेली आहे.

ती वही ज्यांची, त्या गृहस्थांचे पद विद्यापीठाच्या दप्तरी ‘शारीरिक शिक्षण संचालक’ असे होते. मुले त्यांना नुसते ‘स्पोर्ट्सचे सर’ म्हणत. परदेशी विद्यापीठात एकेका खेळाला स्वतंत्र प्रशिक्षक असतो. इथे कबड्डी, खो-खो, धावणे, गोळाफेक, बुद्धिबळ या साऱ्यांना मिळून एकच माणूस, आणि पहाटे फक्की मारून मैदान आखणाराही बहुधा तोच. पावसाळ्यात काळी माती बुटाला ढेकळांनी चिकटते, उन्हाळ्यात तिच्या भेगांत टाच अडकते; त्यामुळे वर्षातील मोजके महिनेच हे मैदान धड धावण्याजोगे असते. सरांच्या वहीत प्रत्येक मुलामुलीचे एक पान होते. त्यावर नाव, गाव, सोळाशे किंवा आठशे मीटरची वेळ, आणि त्याखाली ‘बूट नाहीत’, ‘उजवी टाच दुखते’, ‘घरी सोंगणी, आठ दिवस येणार नाही’ अशा नोंदी. मानोरा तालुक्यातील एका मुलीच्या पानावर तिची वेळ नव्हतीच. गावी जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते एवढेच लिहिले होते, आणि त्या एका नोंदीवरून सरांनी साऱ्या संघाचा सराव संध्याकाळचा काढून दुपारच्या सुट्टीत आणला होता. पुढे ती मुलगी विद्यापीठाच्या संघात जाऊन कलर होल्डर झाली. प्रशिक्षकाची विद्या म्हणजे काय, हे मला त्या पानाने जेवढे शिकविले तेवढे कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही.

ही विद्या वऱ्हाडात उपरी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जर्मनीत दाखविली. या भागातील किती शाळा-महाविद्यालयांना त्या मंडळाने शिक्षक पुरविले असतील, याची गणतीच नको. १९८३ मध्ये अमरावतीस विद्यापीठ झाले, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम हा सहा तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा निघाला. संस्था उभ्या राहिल्या. परंतु त्या संस्थांत मैदानावरचा माणूस सलग राहील, याची तजवीज मात्र कुणीही मनावर घेतली नाही.

सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मैदानाच्या खोलीच्या किल्ल्या इतिहासाच्या प्राध्यापकांच्या हवाली केल्या, कारण रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे आला होता. ते प्राध्यापक सज्जन आणि कामसू आहेत; त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्यांना खो-खोचा खांब आणि उंच उडीचा खांब यांतला भेद विचारून घ्यावा लागतो, आणि तीस वर्षांच्या त्या वह्या सरांनी घरी नेल्या, कारण घेणारा कुणी नव्हता. मंजूर पद वर्षानुवर्षे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर वेळ मारून नेण्याचा शिरस्ता आपल्या अंगवळणी पडला आहे. इंग्रजीचे पद रिक्त राहिले तर निदान पाठ्यपुस्तक उरते, मैदानाचे पद रिक्त राहिले तर काहीच उरत नाही.

यावर असे म्हटले जाते की पोलीस भरतीचे खासगी वर्ग गावोगाव निघाले आहेत, तेव्हा महाविद्यालयाने हा भार का वाहावा. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरसाठी धावणारी मुले मीही रोज पाहतो, आणि त्यांच्या कष्टाविषयी मला अपार आदर आहे. परंतु ते वर्ग फी भरू शकणाऱ्यालाच घेतात आणि एकाच परीक्षेपुरते शिकवितात. आपण धावू शकतो हे जिला स्वतःलाच ठाऊक नाही अशा मुलीला हेरून काढणे, हे पगारी, कायम आणि वीस-पंचवीस वर्षे एकाच मैदानावर उभ्या राहणाऱ्या माणसाचेच काम आहे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवणाऱ्या राज्याने खेळाडू घडविणाऱ्याची खुर्ची मोकळी ठेवावी, ही विसंगती मला असह्य वाटते.

माझी मागणी लहान आहे. शारीरिक शिक्षण संचालकाच्या निवृत्तीची तारीख शासनाला तो रुजू होतो त्याच दिवशी कळलेली असते. त्या तारखेच्या आधी एक सत्र नव्या माणसाची नेमणूक व्हावी, दोघांनी मिळून एक हंगाम मैदान चालवावे, आणि वह्या हातोहात दिल्या जाव्यात. एका सत्राचा दुहेरी पगार एवढाच त्याचा खर्च. येत्या जुलैत रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरहून प्रवेश घेऊन मुले येतील, आणि पहिल्या आठवड्यात त्यांतली काही जण, नेहमीप्रमाणे, खोलीच्या दाराशी येऊन सर कुठे आहेत म्हणून विचारतील.