राजीनामा मंजूर केलात, आता कारणही वाचा

आदरणीय बिशपसाहेब आणि कार्यकारी समितीचे सर्व सभासद,



आमच्या पाळकसाहेबांचा राजीनामा मंजूर झाल्याचे आपले पत्र मंडळीला मिळाले. चार ओळींचे पत्र आहे. चार्ज कोणाकडे द्यायचा, किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, पाळकगृह किती दिवसांत रिकामे करायचे आणि डायोसिसची थकलेली वर्गणी कधी भरणार, एवढेच त्यात आहे. अठरा वर्षे सेवा केलेला माणूस सेवा का सोडतो आहे, याची विचारणा नाही. त्याची तब्येत कशी आहे, हेही विचारलेले नाही. मंडळीच्या पंचांनी याच विषयावर वारंवार अर्ज केले. एकाचीही पोच आपल्या कार्यालयातून आली नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे.

पाळकसाहेबांच्या नेमणुकीच्या पत्राची प्रत माझ्यासमोर आहे. शहरातली एक मंडळी आणि सभोवतालची सात खेडी. त्याशिवाय मुलांच्या वसतिगृहाचे वॉर्डन. त्याशिवाय शाळा समितीचे चिटणीस. त्याशिवाय मिशन कंपाउंडच्या जागेचे दोन दावे, त्यांच्या तारखांना डायोसिसतर्फे हजर राहायचे. त्याशिवाय ट्रस्टचे काम. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तुमच्या समितीतले वाद मिटत नाहीत म्हणून कागदांवर सह्या होत नाहीत, आणि त्या सह्यांसाठी आमचा पाळक मोटरसायकलवरून दारोदार हिंडायचा. पाचवे काम लिहून झाल्यावर पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: मंडळीची आध्यात्मिक काळजी घ्यावी.

गेल्या डिसेंबरातली त्यांची डायरी पाळकबाईंनी मला दाखवली. नाताळच्या महिन्यात खेड्यापाड्यांतल्या मिळून ४१ उपासना आणि प्रार्थनासभा. ६ अंत्यविधी. त्यांतला एक नाताळच्या दिवशी दुपारी, उपासनेचा झगा उतरवून थेट कबरस्थानात. कॅरलच्या १४ रात्री. कोर्टाच्या २ तारखा. धर्मादाय कार्यालयात ५ फेऱ्या. वसतिगृहातल्या ६४ मुलांच्या गहू-तांदळाचा हिशेब, आणि ३१ तारखेच्या वॉचनाइट सर्व्हिसच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या कार्यालयाचा फोन, की डिसेंबरचा मासिक अहवाल अजून का आला नाही. त्या महिन्याच्या एकाही पानावर रिकामी जागा नाही. पगार मात्र ऑक्टोबरपासून थकला होता.

तो मासिक अहवालाचा फॉर्म आपणच तयार केला आहे. उपासना किती, घरभेटी किती, बाप्तिस्मे, दृढीकरण, विवाह, अंत्यविधी, अर्पण, वर्गणी. जानेवारीत बदल्यांची यादी निघते ती याच आकड्यांवरून. ज्याचे आकडे भरगच्च तो कार्यक्षम, त्याला मोठी मंडळी. ज्याचे आकडे कमी त्याची आडगावी रवानगी. म्हणून पाळक आकडे भरत राहतात. त्या फॉर्मात प्रार्थनेचा रकाना घाला, असे मी म्हणणार नाही. घातलात तर तोही भरला जाईल, आणि त्यातही पाळक एकमेकांशी स्पर्धा करतील. माझे म्हणणे असे की आपल्या पाळकाच्या आत काय चालले आहे, हे समोर बसून विचारणारा एकही माणूस या डायोसिसने आजपर्यंत नेमलेला नाही.

ईस्टरच्या पहाटे काय झाले ते आपल्याला कळवले आहे. पुन्हा सांगतो, कारण आपल्या कार्यालयात त्याची नोंद 'प्रकृतीच्या कारणास्तव' अशी झाली आहे. उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना त्यांनी एकट्याने घेतली होती. शनिवारी दोन खेडी केली. रविवारी पहाटे कबरस्थानातल्या उपासनेला ते उभे राहिले, 'प्रभू उठला आहे' म्हणाले, लोकांनी उत्तर दिले आणि ते थांबले. आम्हाला वाटले घसा बसला. त्यांचे दोन्ही हात समोरच्या टेबलाच्या कडेवर घट्ट आवळलेले होते. मग ते तिथेच एका जुन्या कबरीच्या कट्ट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. उरलेली उपासना संडेस्कूलच्या बाईंनी पुरी केली.

डॉक्टरांना रक्तदाब आणि साखर सापडली. पण इस्पितळात ते मला जे म्हणाले ते कोणत्याही रिपोर्टात नाही. म्हणाले, "गुरुजी, वर्षभरात मी स्वतःसाठी पवित्र शास्त्र उघडलेले नाही. उघडतो तो उपदेश शोधायला. प्रार्थना करतो ती लोकांपुढे. एकटा असलो की मला देवाशी काय बोलावे ते कळत नाही." विहीर आटली होती आणि आपण सगळे मोट हाकत होतो. हे त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. आपल्यापर्यंत पोचावे, अशी त्यांचीच इच्छा आहे.

आता वार्षिक सभेतले आपले भाषण. आपण म्हणालात, "अकरा वर्षांत मी एक दिवस रजा घेतलेली नाही, प्रभूच्या कामाला सुट्टी नसते." सभागृहात टाळ्या पडल्या. पुढच्या दोन रांगांत पाळक बसले होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. बिशपसाहेब, त्या दिवशी आपण सगळ्या पाळकांना शिकवले की विसावा मागणे ही लाजेची गोष्ट आहे. आमच्या पाळकसाहेबांनी त्यानंतर रजेचा अर्ज केला नाही. आधी केला होता, तो पडून होता.

प्रभूच्या कामाला सुट्टी नसते, हे प्रभूने स्वतः कुठे सांगितले आहे? मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्य कामगिरीवरून परत आले तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांची इतकी गर्दी होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. येशूने त्यांना एकांतात येऊन विसावा घ्यायला सांगितले. पहिल्याच अध्यायात तो पहाटे उठून एकटा प्रार्थनेला गेला. लोक शोधत आहेत असे पेत्राने सांगितल्यावरही तो त्या गर्दीकडे वळला नाही, दुसऱ्या गावांना निघाला. आदल्या संध्याकाळी बरे होण्यासाठी सारे गाव दाराशी जमले होते, तरी त्याने हे केले. एलीया मरण मागत रतामाच्या झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. पुढचे काम त्यानंतर. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसे, तर त्याच्या सासऱ्याने त्याला स्पष्ट सांगितले की तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. प्रेषितांनी तर पंगतीच्या वाटपासाठी सात जण निवडून घेतले, ते स्वतःला प्रार्थनेसाठी आणि वचनासाठी मोकळे ठेवायला. वसतिगृहाच्या गव्हाचा हिशेब हे त्या सातांचे काम आहे. आमच्या मंडळीत निवृत्त हेडमास्तर आहेत, बँकेतले लोक आहेत, एक वकीलबाई आहेत. हिशेब, शाळा, कोर्ट, धर्मादाय कार्यालय हे सगळे आम्ही करू, असे पंचांनी आपल्याला लिहून दिले होते. आपण ते सोपवत नाही, कारण या संस्था पाळकाच्या हातात असल्या म्हणजे बदलीच्या धाकाने आपल्या हातात राहतात. हा माझा आरोप आहे आणि तो मी सही करून करतो आहे.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंवर केडगावला केवढा पसारा होता! दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका, त्यांचे अन्न, शेती, विहिरी, शाळा, छापखाना आणि त्यातच बायबलचे भाषांतर. रमाबाईंपेक्षा जास्त काम आहे असे म्हणणारा एकही पदाधिकारी मला दाखवा. त्यांनी १९०५ च्या जानेवारीत काय केले? रोज एकत्र जमून प्रार्थना करायला बायकांना बोलावले. त्याच वर्षी जूनअखेर त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन झाले त्याची साक्ष आपण प्रत्येक कन्व्हेन्शनमध्ये देतो. पण त्याच्या आधीचे ते पाच-सहा महिने आपल्या भाषणात कधी येत नाहीत.

बाराव्या शतकात क्लेअरव्हॉच्या बर्नार्डचा एक शिष्य पोप झाला, तिसरा युजीन. दिवसभर फिर्यादी, दावे, अपिले. बर्नार्डने त्याच्यासाठी पाच भागांचा ग्रंथच लिहिला आणि त्याला बजावले की या धबडग्यात तुझे मन दगड होईल, सगळ्यांना वेळ देतोस तर स्वतःलाही दे. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या अधिकाऱ्यांना पंधरा आजार मोजून दाखवले, त्यांत मार्थेसारखा अतिकामाचा आजार दुसरा होता. कॅथॉलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत तर कलमेच आहेत: कलम २७६ प्रमाणे धर्मगुरूने रिट्रीटसाठी वेळ काढलाच पाहिजे, आणि कलम ५३३ प्रमाणे पॅरिशच्या धर्मगुरूला वर्षाला महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते, रिट्रीटचे दिवस त्यात धरायचे नाहीत. आपल्या घटनेत विश्वस्तांच्या कोरमवर दोन पाने आहेत. पाळकाच्या एकांतावर एक ओळही नाही.

अमेरिकेत बार्ना ग्रुपने प्रॉटेस्टंट पाळकांना विचारले की वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडण्याचा खरोखर विचार केलात का. जानेवारी २०२१ मध्ये २९ टक्के हो म्हणाले, मार्च २०२२ मध्ये ४२ टक्के. कारणांत पहिला होता कामाचा असह्य ताण, आणि त्याच्या पाठोपाठ एकटेपणा. आपण हाच प्रश्न आपल्या पाळकांना नावाशिवाय विचारा, आणि उत्तरे वार्षिक सभेत वाचून दाखवा.

आपल्या जवळची मंडळी म्हणतील की क्रूस उचलायला नको म्हणून ही पळवाट आहे, आणि सुट्टी दिली की पाळक आळशी होतात. आळशी पाळक मीही पाहिले आहेत. त्यांना आपण कधी हटवले नाही, कारण त्यांचे अहवाल वेळेवर येतात. आणि आतून रिकाम्या झालेल्या माणसाचे काय होते, ते तर सर्वांसमोर आहे: तो व्यासपीठावरून लोकांना टाकून बोलू लागतो, टीका सहन करत नाही, भोवती होयबा जमवतो, निवडणुकीत पॅनल उभे करतो. आपल्या डायोसिसमधले दावे भक्ती उतू गेल्यामुळे कोर्टात गेलेले नाहीत. पाळकबाईंचे तर कोणी नावच घेत नाही. महिला मंडळ, संडेस्कूल, पाहुण्यांचा स्वयंपाक, सगळे बिनपगारी, आणि आता घर रिकामे करण्याची नोटीसही त्यांच्याच नावावर चिकटल्यासारखी आहे.

मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत पाळकगृह रिकामे होणार नाही, हे लिहून ठेवा. थकलेला पगार आधी चुकता करा, डायोसिसच्या वर्गणीचे नंतर पाहू. येत्या कौन्सिलच्या विषयपत्रिकेवर आठवड्याची सुट्टी, वर्षाची रिट्रीट आणि पाळकांना मोकळेपणाने बोलता येईल असा डायोसिसबाहेरचा एक वडीलधारा सेवक, हे तीन विषय घ्या, आणि 'ऐनवेळचे विषय' म्हणून नव्हे. रजेचे आपण स्वतःपासून सुरू केलेत तर बाकीच्यांना अर्ज करायला धीर येईल.

जानेवारीच्या यादीत आमच्याकडे नवा पाळक येईल. त्याच्या नेमणुकीच्या पत्रात वॉर्डन, शाळेचा चिटणीस आणि दाव्यांतला प्रतिनिधी ही कामे असली, तर पंचांनी ठराव केला आहे: मंडळी त्या माणसाला आनंदाने घेईल आणि ते पत्र आपल्याला परत पाठवील.

आपला,
मंडळीचा चिटणीस
(निवृत्त शिक्षक)