पित्त कोणाचं खवळतं?

आपल्या भाषेत रागलोभाचा सगळा मुक्काम पोटात आहे. माणूस भडकला की त्याचं पित्त खवळतं, दुसऱ्याचं बरं झालं की आपल्या पोटात दुखतं, अपमान तर गिळायचाच असतो. त्यामुळे छातीत जळजळतं म्हटलं की इथे चांदूर रेल्वेत जो तो वैद्य होतो आणि सांगतो, "सभाव बदला!"

मला हा सल्ला पटत नाही.

पोटातल्या अल्सरचंच बघा ना. तो काळजीने, चिडक्या स्वभावाने होतो असं डॉक्टरसुद्धा कित्येक वर्षं मानत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरेन यांनी त्यामागचा जंतू वेगळा काढला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तोवर किती जणांनी औषधाऐवजी उपदेशच घेतला असेल!

आम्लपित्ताचं थोडं निराळं. अन्ननलिका जठराला मिळते तिथलं स्नायूंचं कडं सैल पडलं की आम्ल वर येतं. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणं, सुटलेलं पोट, तंबाखू (आपला खर्रा आलाच त्यात) याने ते वाढतं. मन येतं ते दुसऱ्या वाटेने. माणूस चिंतेत असला की अन्ननलिका हळवी होते, तेवढंच आम्ल जास्त जाळतं. म्हणजे जळजळ खरीच असते, मनाचे खेळ नसतात. (आणि छातीत दुखून घाम फुटला, कळ हातात गेली, तर सोडा पीत बसू नका; तडक दवाखाना गाठा.)

माझं निरीक्षण असं, की आदळआपट करणारा ढेकर देऊन खुशाल झोपतो. जळतं ते ऐकून घेणाऱ्याच्या छातीत. घरातली बाई सगळ्यांचं आटोपल्यावर रात्री साडेदहाला उरलंसुरलं खाते, ओटा पुसते आणि अंग टाकते. दिवसभरात गिळलेले शब्द असतातच सोबतीला. तिचं ताट आठ वाजता सगळ्यांबरोबर वाढा, स्वभावाचं मग बघू.

पण होतं काय, वर्षभर मेडिकलमधून गोळ्या आणून झाल्यावर ती एकदाची डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर विचारतात तिला आणि उत्तर देतो नवरा, "इचा सभावच तसा हाये डाक्टरसायेब, लय मनाले लावून घेते."