उडी मारायची नाही

फोर्कलिफ्ट कलंडायला लागली की चालकाने उडी मारायची नसते. जीव मात्र नेमकं उलट सांगतो. माणूस कलंडत्या बाजूलाच झेपावतो आणि डोक्यावरच्या लोखंडी छपराखाली चिरडला जातो. पट्टा लावलेला ठेवून, स्टिअरिंग घट्ट धरून, पाय रोवून, उलट बाजूला झुकून बसून राहायचं, हे आधी कुणीतरी शिकवावं लागतं. म्हैसूरला हेब्बाळ-मेटगळ्ळीच्या गोदामांत काय किंवा आपल्या भिवंडी-चाकणला काय, ठेकेदाराकडून आलेल्या पोराला हे कोण शिकवतं?

गाडी चालवता येते म्हणून हे यंत्र येतं असं नाही. तीन टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतःच चार टनांच्या आसपास भरते. वळतात ती मागची चाकं. त्यामुळे वळताना बूड बाहेर फेकलं जातं आणि शेजारून जाणारा हमाल रॅकला चेपला जातो. पुढचा माल उंच असला तर रिव्हर्समध्ये, मागे बघत चालवायची. अख्खी पाळी मान वळवून! मान अवघडली की पोरगा पुढे तोंड करून अंदाजाने रेटतो. मग चौकशीच्या कागदावर ‘तो मध्येच आला’ असं लिहिलं की झालं. मला या वाक्याची चीड आहे. पायी चालणाऱ्याला वेगळी वाट आखली होती का? वळणावर आरसा होता? बंगळुरू-म्हैसूर महामार्ग २०२३ साली रुंद झाला, ट्रक लवकर पोचू लागले. ते तितक्याच झटपट रिकामे करायचा हुकूम कुणाचा?

आता कायद्याचं बघा. महाराष्ट्राचा १९६९चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचं फळ, पाठीवर ओझं वाहणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून झाला. ओझं यंत्रावर गेलं. १९४८च्या कारखाना कायद्यात, जिथे काही बनत नाही असं निव्वळ गोदाम सहसा बसतच नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या केंद्राच्या कामगार सुरक्षा संहितेचं जाळं मोठं आहे, हे मान्य. पण सुरक्षा अधिकारी तिने सक्तीचा केला तो ५०० कामगारांच्या कारखान्याला, धोक्याच्या मोठ्या कारखान्याला, मोठ्या बांधकामाला, मोठ्या खाणीला. चाळीस माणसांचं गोदाम त्या यादीत नाही.

अधिकारी नसेना का, अपघाताच्या अर्जात दोन रकाने तरी वाढवा: ट्रक किती वेळात रिकामा करायला सांगितला होता, आणि कुणी.