विकताना मराठी, बजावताना इंग्रजी

गेल्या पावसाळ्यात सीमाभागातील एका खेड्यातून जमिनीच्या कामासाठी आमच्या कचेरीत आलेल्या एका आजीबाईंनी कागदपत्रे पुढे ठेवली आणि मग पिशवीतून दुधाच्या भुकटीचा एक डबा काढला. सुनेला पान्हा पुरत नव्हता, म्हणून नातवाला वरचे दूध सुरू केले होते. "वकीलसाहेब, ह्याच्यावर काय लिवलंय तेवढं वाचून सांगा की," एवढीच त्यांची विनंती. आम्ही डब्यावरील इंग्रजी मजकूर मराठीत सांगू लागलो, तेव्हा उघड झाले की घरात एका मापाला सांगितल्याच्या दुप्पट पाणी घातले जात होते. यात कंजुषी नव्हती. दुकानात तोंडी जे सांगितले गेले, ते त्यांना तसे कळले होते. डबा विकणाऱ्याने मराठीत विकला होता. सावध करणारी अक्षरे मात्र मराठीत नव्हती.

या प्रसंगात कोणाचा कायदेभंग झाला, असा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. कदाचित कोणाचाच नाही, हे उत्तर आम्हांस अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

21 मे 1981 रोजी जागतिक आरोग्य परिषदेने मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विपणनासंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. बाजूने 118 मते पडली, विरोधात एकच, ते अमेरिकेचे. भारताने त्या संहितेच्या आधारे 1992 मध्ये स्वतंत्र कायदा केला. तो 1 ऑगस्ट 1993 पासून अमलात आला आणि 2003 मध्ये दुरुस्तीने अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीचे पर्यायी दूध, दुधाची बाटली आणि शिशुआहार यांच्या जाहिरातीला बंदी, मातांना फुकट नमुने वा भेटी देण्यास बंदी, दवाखान्यात फलक लावण्यास बंदी, डॉक्टरांच्या संघटनांना परिषदांसाठी पैसे देण्यासही बंदी. हा कायदा चांगला आहे, हे आम्ही निःसंकोच म्हणतो. आमची तक्रार त्यातील एका शब्दाविषयी आहे.

संहितेचा नववा अनुच्छेद सांगतो की डब्यावरील सूचना स्पष्ट, ठळक, सहज वाचता व समजता येईल अशी आणि 'उचित भाषेत' असावी. आपल्या कायद्याच्या सहाव्या कलमाने स्पष्ट, ठळक, सुवाच्य, सुबोध ही सारी विशेषणे घेतली; भाषेपाशी येताच मात्र 'विहित करण्यात येईल अशी भाषा' असा पालट केला. 'उचित' या शब्दाचा संदर्भ वाचणारी आई हा आहे. 'विहित' या शब्दाचा संदर्भ नियम लिहिणारा अधिकारी हा आहे. आई बाजूला सरली आणि अधिकारी मध्ये आला. देशातील खाद्यपदार्थांच्या वेष्टनांचा सर्वसाधारण नियमही तोच: मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा, अन्य भाषा वापरण्यास मनाई नाही, पण सक्तीही नाही. ज्याची सक्ती नाही ते व्यापारी खर्च करून छापील, ही आशा व्यर्थ होय.

याच सहाव्या कलमाने वेष्टनावर बाळाचे वा स्त्रीचे चित्र छापण्यास बंदी केली आहे, आणि ती योग्यच आहे. गुटगुटीत बाळाचे चित्र हीच सर्वांत प्रभावी जाहिरात असते. दूध 'मातृदुग्धासमान' आहे असे सुचविणारी विशेषणेही निषिद्ध आहेत. शब्दांचे सामर्थ्य ओळखून विशेषणांवर बंदी घालणारे कायदे थोडेच. हा त्यांतील एक. पण चित्र काढून घेतल्यावर डब्यावर बोलणारे उरते काय? केवळ अक्षरे. 'आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम' हे विधान, आरोग्यसेवकाच्या सल्ल्यानेच वापरा ही सूचना, तयार करण्याची रीत आणि चुकीच्या रीतीचे धोके, हे सारे त्या अक्षरांनीच सांगायचे. तीच अक्षरे परकी असतील, तर कायद्याने निम्मे काम करून उरलेले निम्मे वाऱ्यावर सोडले असे म्हणावे लागते.

कोणी म्हणेल, हिंदी आहे ना, लिपीही तीच आहे. लिपी एक म्हणजे भाषा एक नव्हे, हे या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. हिंदीत 'मात्रा' म्हणजे प्रमाण. आमच्या घरांत बाळाची मात्रा म्हणजे सहाणेवर उगाळून द्यायचे औषध. बाळंतिणीच्या खोलीत असा गोंधळ हा विनोदाचा विषय नाही. भुकटीचे दूध निर्जंतुक नसते, म्हणून ते उकळून किमान 70 अंश सेल्सियस इतक्या गरम असलेल्या पाण्यात कालवून मग निववून पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणी जास्त पडले तर बाळ उपाशी राहते, कमी पडले तर त्याच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. येथे अंदाजाला जागा नाही.

दुसरा आक्षेप असा की इतक्या भाषा एका डब्यावर मावणार कशा? सरकारला हातभर लांबीचीही नसलेली नोट छापताना तिच्या भाषापट्टीत 15 भाषा मावतात आणि त्यांत मराठी असते. पैशाची किंमत मराठीत सांगता येते, पाण्याचे प्रमाण नाही? डब्यात घडीपत्रिका घालता येते, विभागवार वेष्टने काढता येतात. शिवाय उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. 2003 च्या तंबाखूजन्य पदार्थांच्या कायद्याचे नववे कलम सांगते की वेष्टनावर जी भाषा, त्याच भाषेत इशारा. हे तत्त्व एक पाऊल पुढे न्यावे, एवढेच आम्ही मागतो: ज्या भाषेत माल विकला जातो, त्या भाषेत इशारा.

आणखी एक गैरसमज दूर करू. ज्या मातेला अंगावर पाजता येत नाही, तिला अपराधी ठरविण्यासाठी हा लेख नाही. आजारपण असते, पान्हा आटतो, आई दगावते. अशा घरालाच तर डब्यावरची प्रत्येक ओळ कळण्याची सर्वाधिक गरज असते. ही मागणी कन्नडविरोधीही नाही. अक्कलकोट वा जत तालुक्यातील कन्नडभाषक मातेचा हक्क बेळगाव, खानापूर वा निपाणीतील मराठी मातेइतकाच आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र व राज्यांनी मान्य केलेल्या योजनेत जिल्ह्यात वा तालुक्यात 15 टक्के वस्ती असलेल्यांच्या भाषेत महत्त्वाच्या सूचना देण्याचे तत्त्व आहेच. बाळाच्या पोटात काय जाते, याहून महत्त्वाची सूचना कोणती?

कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार या गुन्ह्यांची दखल न्यायालय कोणाही नागरिकाच्या फिर्यादीवर घेत नाही. प्राधिकृत अधिकारी किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या बालकल्याण संस्थेचा प्रतिनिधीच फिर्याद देऊ शकतो. म्हणजे ज्या आजीबाईंना सूचना वाचता आली नाही, त्यांना न्यायालयाचे दारही थेट उघडे नाही. परंतु त्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करण्यास कोणाचीही आडकाठी नाही. संविधानाचा अनुच्छेद 350 गाऱ्हाणे मांडण्यासाठी संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला देतो. म्हणून इंदूर, बडोदे, हैदराबाद, पणजी वा बेळगाव येथील वाचकांना आमची विनंती आहे: घरात वा शेजारी असा डबा असेल तर तो हाती घेऊन पाहा. त्यावर मराठी नसेल, तर जिल्ह्याच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यास आणि केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयास एक अर्ज लिहा. 'विहित' च्या जागी 'उचित' हा शब्द मागा. आणि तो अर्ज मराठीतच लिहा.