चित्राचा लिलाव कीं नांवाचा?

१ मार्च २०२१ रोजीं लंडनच्या ख्रिस्तीज या लिलावगृहांत विन्स्टन चर्चिल यांनीं रंगविलेलें मराकेश शहराचें तैलचित्र ७० लाख पौंडांच्या बोलीस गेलें. लिलावगृहाचें शुल्क धरून तें घेणारास ८२ लाख ८५ हजार पौंडांस पडलें. आधींचा अंदाज १५ ते २५ लाखांचाच होता. हा आकडा निघाला कीं आमच्या सुशिक्षित स्नेह्यांच्या बैठकींत एक वाक्य हटकून ऐकूं येतें: ज्या चित्रास एवढा भाव आला, त्यांत कांहीं तरी अलौकिक असलेंच पाहिजे. या समजुतीशींच आमचें भांडण आहे.

चित्र वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कुतुबिया मशिदीचा बाराव्या शतकांतला मनोरा, मावळतीच्या उन्हांत उजळलेला शहराचा तट, लांबलेल्या सावल्या आणि पाठीमागें बर्फाच्छादित ॲटलास पर्वत; हौशी हातानें काढलेलें हें चित्र प्रसन्न आहे. पण किंमत आली ती या गुणांस नव्हे. चर्चिल यांच्याच चार्टवेल येथील घरच्या माशांच्या तळ्याचें चित्र २०१४ मध्यें सुमारें १८ लाख पौंडांस गेलें, आणि तोच तोंवरचा उच्चांक होता. हात तोच, कुंचला तोच. मग चौपटीहून अधिक अंतर पडलें कशानें? जानेवारी १९४३ मध्यें कॅसाब्लांका परिषद आटोपल्यावर चर्चिल रूझवेल्टना मराकेशला घेऊन गेले, आणि ते परतल्यावर मागें राहून काढलेलें हें चित्र त्यांनीं त्यांस भेट दिलें. महायुद्धाच्या काळांत त्यांनीं काढलेलें हें एकमेव चित्र. शिवाय पुढें तें अँजेलिना जोली या नटीच्या संग्रहांत आलें. यांपैकीं दोघांनीं तर रंगास बोटहि लावलें नव्हतें! बाकी लिलावांत भाव कसा चढतो हें पाहण्यास लंडनला जावें लागत नाहीं; एकाच वस्तूवर दोन धनिकांचें मन बसलें कीं हातोडी लवकर खालीं येत नाहीं.

कोणी म्हणेल, इतिहासासाठीं पैसा मोजला तर बिघडलें काय? कांहींच नाहीं, मात्र इतिहास घ्यावयाचा तर पुरता घ्यावा. १९४३ हेंच बंगालच्या दुष्काळाचें साल. धान्यासाठीं जहाजें द्या म्हणून हिंदुस्थान सरकार लंडनकडे मागणी करीत होतें, आणि चर्चिल यांचें मंत्रिमंडळ ती पुरी करीत नव्हतें. सरकारी चौकशी मंडळाच्या हिशेबानेंच सुमारें १५ लाख माणसें मेलीं. कित्येक अभ्यासक हा आकडा ३० लाखांपर्यंत नेतात. त्याच वर्षीं झैनुल आबेदिन कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरणारीं माणसें हलक्या कागदावर शाईनें रेखाटीत होते. तींहि शहराचींच चित्रें! चित्तप्रसाद मिदनापुरांत पायीं हिंडले. त्यांची 'हंग्री बेंगाल' ही सचित्र पुस्तिका सरकारनें जप्त केली आणि तिच्या प्रती नष्ट केल्या. हे चित्तप्रसाद पुढें बरींच वर्षें आपल्या मुंबईंतच, अंधेरीस राहत होते.

परवां बैठकींत आम्हीं त्यांचें नांव काढलें. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग एका गृहस्थांनीं मोठ्या आस्थेनें विचारलें, "यांचीं चित्रें कितीला जातात हो?"