गुठळीवरची पहिली मात्रा गावातच हवी

जखमेतले रक्त गोठते म्हणून माणूस वाचतो. वाहिनीचे अस्तर फाटले की प्लेटलेट तेथे चिकटतात, आणखी प्लेटलेट ओढून घेतात. मग थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे चिवट धागे तयार करते आणि गुठळी पक्की होते. हृदयाच्या धमनीत वर्षानुवर्षे साचलेला चरबीचा थर फुटला, तर हीच दुरुस्ती वाहिनीच्या आत सुरू होते आणि रक्ताची वाट बुजते. अर्ध्या तासाच्या आतबाहेर हृदयाचा स्नायू मरू लागतो. थर जुना असतो, पण त्यावर धरलेली गुठळी काही मिनिटांतही वाट बुजवू शकते. म्हणूनच रुग्णालयाचे अंतर जिवावर बेतते.

तमिळनाडूतल्या कुंभकोणमपासून तंजावूरचे वैद्यकीय महाविद्यालय सुमारे 40 किलोमीटरवर आहे. आसपासच्या काही खेड्यांना त्याहून लांब पडते. तमिळनाडू सरकारने जून 2023 मध्ये सुरू केलेली ‘इदयम काप्पोम’ योजना नेमकी या अंतरासाठी आहे. झटक्याची लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रातच अ‍ॅस्पिरिनच्या 2, क्लोपिडोग्रेलच्या 4 आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनच्या 8 गोळ्या देऊन रुग्णाला पुढे पाठवले जाते. पहिली दोन औषधे प्लेटलेटना एकत्र येऊ देत नाहीत. झालेली गुठळी त्यांनी विरघळत नाही, वाढायची थांबते. ती विरघळवायला टेनेक्टेप्लेजसारखे इंजेक्शन किंवा वाहिनी उघडायला अँजिओप्लास्टी लागतेच. त्यामुळे गोळ्या दिल्या म्हणून रुग्णवाहिकेला उशीर चालत नाही.

चुकीच्या रुग्णाला गोळ्या गेल्या तर, ही शंका रास्त आहे. अल्सरचा रक्तस्राव आहे का, हे विचारलेच पाहिजे. पक्षाघातात तर आधी सीटी स्कॅन हवा, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर याच गोळ्या घात करतील. पायाच्या शिरेतल्या गुठळीत फायब्रिन व तांबड्या पेशी जास्त असतात. तिला हेपारिनसारखी औषधे लागतात. पण हे सारे प्रशिक्षणाने सांभाळता येते. छातीत दाब आणि घाम सुटलेल्या माणसाला ‘गॅस झाला’ म्हणून ओवा किंवा सोडा देण्यात जाणारा तास मात्र परत मिळत नाही.

तमिळनाडूप्रमाणे महाराष्ट्रातल्याही प्रत्येक उपकेंद्रात या 14 गोळ्यांचे पाकीट कायम शिल्लक हवे. औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. ती कोणाला द्यायची, कोणाला नाही, हे सांगणारा मराठी तक्ता भिंतीवर असावा आणि ईसीजीचा फोटो तालुक्याच्या डॉक्टरांना लगेच पाठवण्याची सोय प्रत्येक प्राथमिक केंद्रात असावी.

— एक वाचक, कुंभकोणम