रफूची सुई पोरांच्या हाती द्या

कापडबाजारात रफूगर शोधायला निघा, लवकर सापडत नाही. शिंपी गल्लोगल्ली आहेत. पण लग्नाच्या कोटाला उंदराने दात लावला, शालीला कसर लागली, तर गिऱ्हाइकाला पाठवावे कुठे, असा प्रश्न आम्हा दुकानदारांना पडतो. जे रफूगर आहेत ते वयस्क झालेत आणि त्यांच्या शेजारी शिकणारा पोरगा क्वचितच दिसतो.

इकडे यंत्रमागाला मंदी आली की मालेगाव-भिवंडीची तरुण पोरे हॉटेलच्या बाकड्यावर दिवस काढतात. घरी बसून एखादा हुन्नर शिकावा, असे त्यांना सगळेच सांगतात. कोणता, ते कुणी सांगत नाही. माझे मत रफूला आहे. विणकराच्या मुलाला ताणा-बाणा वेगळा समजवावा लागत नाही. भांडवल म्हणाल तर बारीक सुया, छोटी कात्री, एक भिंग आणि खिडकीचा उजेड. धागासुद्धा बहुधा विकत घ्यावा लागत नाही. तो त्याच कपड्याच्या आतल्या दाबातून, पँटच्या मुडपीतून काढतात, म्हणून रंग जुळतो.

भोक नुसते शिवून बुजवणे म्हणजे रफू नव्हे. तेवढे कापड सुईने पुन्हा विणायचे असते. आधी उभे धागे भरायचे, मग आडवा धागा त्यांच्या वरखालून ओवत न्यायचा. साध्या विणीत एकाआड एक. गॅबर्डीनच्या तिरप्या विणीत मात्र दर ओळीला हिशेब एक धागा सरकतो. मोजणी चुकली की रेघ तुटलीच. लोकर दयाळू, तिची लव टाका झाकून घेते. टेरिकॉट काही लपवू देत नाही. म्हणून हात बसवावा तो मांजरपाटावर, तोही रंगीत धाग्याने, म्हणजे चूक लगेच दिसते. मग लोकरी कापड. टेरिकॉट अगदी शेवटी. रात्री दिव्याखाली हे काम करू नये, डोळे शिणतात.

सुईकाम बायकांचे, असे आमचे काही बांधव म्हणतात. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातल्या नजीबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी शाली दुरुस्त करत आले, ते पुरुषच. वस्त्रकलावंत प्रिया रवीश मेहरा (निधन २०१८) यांनी त्यांचे काम लोकांपुढे आणले. जरदोजीच्या अड्ड्यावरही पुरुष कारागीर बसतात. आणि प्रेषित मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः सांधत, चपला स्वतः दुरुस्त करत, हे हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत आहे. मग आपल्या पोरांना लाज कसली?

खरी अडचण मजुरीची आहे. काम जितके चांगले तितके ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक विचारते, "एवढे पैसे कशाचे?" नाण्याएवढे भोक तासन्‌तास खाते. तेव्हा भोकाचा आकार आणि कापडाची वीण पाहून मजुरी काम हाती घेण्याआधी ठरवावी. मधल्या दुकानदाराने आपला हिस्सा जरा कमी कापावा. हे मी माझ्याच धंदेवाल्यांना सांगतो आहे, त्यांना आवडणार नाही.

आणखी एक. ताग्याच्या टोकाचे जे तुकडे आपण चिंधी म्हणून किलोवर विकतो, त्यातले गरम कपड्याचे आणि गॅबर्डीनचे वेगळे काढून ठेवावेत. शिकणाऱ्या मुलाला मागितल्यावर ते फुकट द्यावेत.